प्रवासात काही मोडलं-तुटलं तर घरातलं काय कामाला आलं?

चाळकरी (धागाकर्ती)

गेल्या वर्षी गणपतीला गावी निघालो होतो. दादरला पुलावरून फलाटावर उतरत होतो, पाऊस तिरका आत येत होता, आणि मधल्याच पायरीवर मोठ्या बॅगेची चेन गेली. रनर पुढे सरकला आणि त्याच्यामागे दात उघडेच राहिले. आत मखराची झालर, सासूबाईंची नवी साडी, मोदकाचं पीठ, मुलांचे कपडे. गाडीला वीस मिनिटं होती.

धाकट्या दिरांनी खिशातून फेविक्विक काढलं. दोन ट्यूब संपल्या. दातांवर पांढरी खपली धरली, बॅग उचलल्याबरोबर ती तडकली आणि चेन पुन्हा उघडली. शेजारी वळकटीवर बसलेल्या एक आजी हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "अगो, परकराची नाडी नाय काय तुझ्याकडे? चिकटवतस कित्याक? बांध तेका!"

दोन नव्या परकरांच्या नाड्या ओढून काढल्या, एकमेकींना जोडल्या. पार्सलाला बांधतात तशी बॅग आडवी-उभी बांधली, वर निरगाठ मारली, आणि जिथे फट राहत होती तिथे चार सेफ्टी पिना. कुडाळला उतरेपर्यंत पिठाचा कण सांडला नाही. परत येतानाही त्याच नाड्या.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. प्रवासात, आणि त्यातही आपल्याकडच्या पावसाळ्यात, चिकटवण्यापेक्षा बांधलेलं टिकतं. चिकटवायचं तर जागा स्वच्छ लागते, कोरडी लागते, थोडा वेळ हलवायचं नसतं. जून ते सप्टेंबर मुंबईच्या फलाटावर यातलं एकही मिळत नाही. दोरी, पिन, तार, सुई यांना ओल चालते, घाई चालते, अंधारही चालतो.

आता माझ्या पर्समध्ये एक जुनी पत्र्याची औषधाची डबी असते. लहान-मोठ्या सहा सेफ्टी पिना, एक नाडी गुंडाळी करून, दोन यू पिना, चार रबर बँड, एक शर्टाचं मोठं बटण, मेणबत्तीचा बोटभर तुकडा आणि जुन्या एटीएम कार्डावर गुंडाळलेली इलेक्ट्रिशियनची काळी टेप. यातली एकही वस्तू विकत आणलेली नाही, सगळी घरात पडून होती.

तुमच्याकडे काय असतं? कुठे वापरलंत? नेटवर वाचलेलं नको, स्वतःच्या हातांनी केलेलं सांगा. आणि फसलं असेल तर तेही सांगा, त्याचा जास्त उपयोग होईल.

---

घाटवाटा

चांगला विषय. माझा अनुभव बुटांचा.

तीन पावसाळ्यांपूर्वी राजमाचीहून कोंढाणे लेण्यांच्या बाजूने कर्जतला उतरत होतो. अर्ध्या वाटेत उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला आणि फटाफट आपटायला लागला. माझ्याकडे चांगली जाड डक्ट टेप होती. चार वेढे मारले. शंभर पावलांत टेप चिखलासकट निघून आली. पुन्हा मारली, पुन्हा निघाली. बुटाला टेप धरेचना, कारण बुटावर चिखलाचा थर होता आणि टेप त्या चिखलाला चिकटत होती.

हे चंद्रावरही झालेलं आहे. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या अंतराळवीरांच्या गाडीचं मागचं मडगार्ड हातोडी अडकून तुटलं. त्यांनी ते टेपने चिकटवलं, पण चंद्राच्या धुळीवर टेप टिकली नाही आणि तुकडा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार नकाशे एकमेकांना टेपने जोडून त्याचं मडगार्ड केलं आणि ते गाडीला क्लॅम्पने आवळलं. टेप कागदाला कागद जोडायला वापरली आणि गाडीला धरायला पकड. हे वाचल्यावर मला माझ्या बुटाचं कोडं उलगडलं.

त्या दिवशी मी शेवटी केलं ते असं. सॅकमधली जादा नाडी घेतली (बुटाची, परकराची नव्हे). सोलच्या पुढच्या भागाखालून एक वेढा, तो वर पायाच्या पाठीवर फुली मारून आणला आणि दुसरा वेढा टाचेच्या बरोबर पुढे, जिथे सोलला खोबण असते तिथून घेतला. गाठ घोट्याच्या बाहेरच्या अंगाला. पुढचा वेढा खडकावर घासून दोनदा तुटला, टाचेपुढचा शेवटपर्यंत राहिला, कारण तो जमिनीला लागतच नाही. तेव्हा सगळा भार त्या खोबणीतल्या वेढ्यावर ठेवा.

आणखी एक. बरेच ट्रेकर विचारतात की नवे कोरे दिसणारे बूट पहिल्याच पावसात कसे सुटतात. या सोलमध्ये बहुधा पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या मऊ प्लास्टिकचा) थर असतो आणि हवेतल्या ओलीने तो आतून कुजत जातो. मुंबईच्या दमट हवेत खोक्यात घालून माळ्यावर ठेवलेले बूट काही वर्षांत वापराविनाच जातात. नेहमी वापरात असलेले उलट जास्त टिकतात. निघायच्या आदल्या आठवड्यात सोलच्या बाजूच्या मऊ थरात अंगठ्याचं नख दाबून बघा. भुसा सुटला तर ते बूट घालू नका.

---

विरार_लेडीज

चाळकरीताई, आम्हा लोकलवाल्यांना पिन म्हणजे दुसरा पास. डब्यात पिना, क्लिपा विकणाऱ्या मावशी येतात त्यांच्याकडून पुडी घेतली की महिनाभर बघायला नको. पर्सचा पट्टा, ब्लाउजचं हुक, ड्रेसची उसवलेली बाजू, सगळं वसई यायच्या आत उरकतं.

पण मला लिहायचंय ते चपलेबद्दल. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी अंधेरीला कामाला होते, गाड्या बंद, हायवेने चालत निघालो. गोरेगावच्या आसपास माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पाणी गुडघ्याच्या वर. अनवाणी चालायची भीती वाटत होती, खाली काय आहे ते दिसत नव्हतं, काच असेल, उघडं गटार असेल. सोबत एक मुलगी चालत होती, ओळख ना पाळख. तिने आपली ओढणी दाताने फाडली आणि हातभर पट्टी मला दिली. ती चपलेच्या खालून घेऊन पावलावर दोनदा फिरवली आणि घोट्यामागे बांधली. बोरिवलीपर्यंत चालले. घरी गेल्यावर गाठ सुटेना, कात्रीने कापावी लागली.

त्या मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं. अजून वाईट वाटतं.

साध्या रबरी स्लिपरचा अंगठा खालून निसटला तर सगळे तिथे पिन लावतात. लावा, पण पिन उघडली तर पायात शिरते. त्यापेक्षा मोठं बटण बरं. अंगठ्याचं बूड बटणाच्या भोकांतून जाणार नाही, म्हणून बुडाला तारेचा किंवा दोऱ्याचा तुकडा ओवायचा, तो सोलच्या खाली बटणातून काढून बांधायचा. बाटलीच्या झाकणाला मधे भोक पाडूनही जमतं.

---

रसायन

मी चिकटपदार्थांच्या क्षेत्रात वीस वर्षं काम केलं आहे, त्यामुळे चिकटवण्याच्या बाजूने थोडं बोलू द्या. ताईंचं म्हणणं बरंचसं खरं आहे, पण सरसकट नको.

फेविक्विकसारख्या पदार्थात सायनोॲक्रिलेट असतं. ते वाळत नाही, हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलीमुळे आवळतं. म्हणजे त्याला थोडी ओल हवीच असते. पण पाणी साचलेलं असेल तर ते एका क्षणात वरच्या वर आवळतं, पांढरं आणि ठिसूळ होतं, खाली धरतच नाही. तुमच्या चेनीवर जी खपली दिसली ती हीच. शिवाय चेन म्हणजे सतत वाकणारी वस्तू, आणि हा पदार्थ वाकण्याला कधीच टिकत नाही. बादली, बाटलीचं झाकण, प्लास्टिकची खुर्ची, म्हणजे पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीन, यांनाही तो जवळजवळ धरत नाही.

जिथे कडक वस्तू कडक वस्तूला जोडायची आहे, तिथे मात्र त्याच्यासारखं काही नाही. त्याला स्वयंपाकघरातली एक जोड द्या, खायचा सोडा. आमच्या बॅगेचं चाक ज्या प्लास्टिकच्या खोबणीत बसतं तिचा कोपरा नाशिकला जाताना उडाला होता. जागा पुसून कोरडी केली, चिमूटभर सोडा दाबून भरला, वर दोन थेंब टाकले. सोड्याने ते तिथल्या तिथे दगडासारखं होतं. पुन्हा सोडा, पुन्हा थेंब, असे चार थर दिले आणि नेलकटरच्या कानशीने घासून आकार दिला. ते चाक अजून चालू आहे. हे करताना गरम होतं आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ येते, म्हणून तोंड लांब ठेवा आणि मोकळ्या हवेत करा.

एक धोक्याची गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. हा पदार्थ सुती कापडावर किंवा कापसावर सांडू देऊ नका. कापसाच्या तंतूंवर तो इतक्या वेगाने आवळतो की चटका बसण्याइतकी उष्णता तयार होते. सुती पँटवर ट्यूब सांडून मांडीला फोड आलेला माणूस मी पाहिलेला आहे. लहान मुलांच्या हाती तर अजिबात नको.

ओल्या जागेसाठी एम-सील. दोन्ही कांड्या सारख्या घ्यायच्या आणि रंग पूर्ण एक होईपर्यंत मळायच्या. लोक इथेच घाई करतात आणि मग ते चिकट राहतं. पाण्याची गळती असेल तर गळती थोपवून, जागा खडबडीत करून, अंगठ्याने दाबून बसवायचं.

---

चाळकरी

रसायनकाका, कापसाचं मला माहीतच नव्हतं. दीर त्या दिवशी तीच ट्यूब रुमालाने पुसत होते. धन्यवाद, हे घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

सोड्याचं करून बघणार आहे, पण घरी. प्रवासात पुडी आणि ट्यूब दोन्ही जवळ असतील, जागा कोरडी असेल आणि चार थर द्यायला वेळ असेल, तर माझ्या मते आपण दुरुस्तीच्या दुकानापर्यंतही पोहोचलेलो असू.

---

सुईदोरा

लालबागला माझं शिवणकाम-अल्टरचं छोटं दुकान आहे. गणपतीच्या आधी दोन आठवडे माझ्याकडे ब्लाउजांइतक्याच बॅगा येतात. चेनीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण लोक चेन बिघडली म्हणतात पण काय बिघडलं ते बघत नाहीत.

चेन बंद होते आणि मागे पुन्हा उघडते, म्हणजे दात चांगले आहेत, रनर सैल झाला आहे. रनर वापरून वापरून पसरतो आणि दातांना एकमेकांत दाबू शकत नाही. अशा वेळी रनर चेनीच्या सुरुवातीला आणायचा आणि त्याची मागची बाजू पकडीने अगदी हलकेच दाबायची. आधी डावी, मग उजवी. दोन्ही एकदम नाही. एकदा दाबून चालवून बघायचं, मग हवं तर परत. बहुतेक रनर ओतीव धातूचे असतात, जोर केला की मधून तडकतात आणि मग चेनच बदलावी लागते. पकड नसेल तर स्टेशनबाहेरच्या चप्पल शिवणाऱ्यांकडे मागा. मी आजवर कोणी नाही म्हणालेलं पाहिलं नाही.

रनर जागचा हलत नाही, म्हणजे दात कोरडे किंवा मळलेले. मेणबत्ती दोन्ही बाजूंनी घासा. साबणाची वडी चालते. धातूच्या दातांना पेन्सिलचं शिसं सगळ्यांत उत्तम. तेल लावू नका, त्यावर धूळ बसते आणि आठवड्यात चेन आधीपेक्षा वाईट होते. खाऱ्या हवेत धातूची चेन हमखास धरते, त्यामुळे समुद्रकाठावरून आल्यावर ओल्या फडक्याने चेन पुसून घ्यायची सवय लावा.

रनरची जीभ तुटली तर यू पिन, किल्लीची रिंग, काहीही अडकवा. यात दुरुस्ती अशी नाहीच.

कापडच फाटलं असेल तर टेप लावून वेळ घालवू नका, शिवा. सुई मात्र दाभण हवी, साधी सुई कॅनव्हासमध्ये मोडते. दाभणाचं टोक बुचात खोचून ठेवा म्हणजे पर्समध्ये बोटाला लागत नाही. दोरा दुहेरी घ्या आणि मेणबत्तीवरून दोनदा ओढा, मेणाने तो ओल धरत नाही आणि गाठ सरकत नाही. दोरा नसेल तर दातांचा फ्लॉस. तो बहुधा नायलॉनचा, मेण लावलेलाच असतो, आणि बॅगेचा पट्टा शिवायला माझ्या दुकानातल्या कित्येक दोऱ्यांपेक्षा मजबूत आहे.

सेफ्टी पिनेबद्दल एक सांगते, मला ही गोष्ट फार आवडते. १८४९ मध्ये वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने किरकोळ देणं फेडायच्या विवंचनेत तारेचा एक तुकडा वाकवत वाकवत ती बनवली आणि हक्क ४०० डॉलरला विकून टाकला. एकच तार. तीच टोक, तीच स्प्रिंग. म्हणूनच ती वाकवून आपण तिचा आकडा करतो, नाडी ओवायची सुई करतो, चेनीची जीभ करतो. स्टीलची जाड घ्या. सोनेरी मुलामा दिलेल्या बारीक पिना पहिल्या पावसात गंजतात आणि साडीला डाग पाडतात.

---

पावसाळी_ठाणेकर

छत्री. काडी मधे मोडली की लोक टाकून देतात. बॉलपेनची संपलेली रिफिल घ्या, दोन इंच कापा, लांबीत चीर द्या आणि मोडलेल्या जागेवर खपच्चीसारखी बसवा. वरून दोरा घट्ट गुंडाळा. हाड मोडल्यावर पट्टी बांधतात तसंच. मी ठाणे-सीएसएमटी अशी छत्री एक अख्खा जुलै वापरली.

काडीच्या टोकावरून कापड सुटलं असेल तर टोकाला भोक असतं, त्यातून सुई दोनदा काढली की झालं. हे चालत्या गाडीतही होतं.

---

काळीपिवळी

वडिलांनी मुंबईत तीस वर्षं टॅक्सी चालवली. त्यांच्या डिकीत पाना-पकडीच्या शेजारी एक बटाटा असायचा. लहानपणी मला वाटायचं घरी न्यायचा विसरलेत.

एका पावसाळ्यात गाडी दोन दिवस चाळीच्या बाहेर उभी होती आणि उंदरांनी दोन्ही वायपरचं रबर कुरतडलं. संध्याकाळी गिऱ्हाईक घेऊन निघाले तेव्हा कळलं. मी पुढे बसलो होतो. बाबांनी गाडी माहीमला कडेला घेतली, बटाटा मधून कापला आणि त्याची ओली बाजू काचेवर बाहेरून घासली, वरपासून खालपर्यंत, एकही जागा न सोडता. काच आधी धुरकट दिसली. मग पाऊस त्यावर पडला आणि थेंब दिसेनासे झाले. पाणी एकसंध चादरीसारखं खाली जात होतं आणि त्यातून समोरचे दिवे स्वच्छ दिसत होते. बटाट्याच्या रसाचा पातळ थर काचेवर बसतो आणि पाणी थेंब धरण्याऐवजी पसरतं, हे मला फार पुढे समजलं. काही चालक तंबाखूची चिमूट फडक्यात घालून घासायचे, ती पण चालते. दर पाऊण तासाने परत घासावं लागतं आणि वेग सायकलइतकाच ठेवायचा. बाबा गिऱ्हाइकाला आधी सांगायचे, "साहेब, हळू जाणार आहे, घाई असेल तर दुसरी बघा."

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी आली आणि गाडी चालू होईना, तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओता. फसफसून सगळं निघून जातं. कोरडं करून घट्ट आवळा आणि वर व्हॅसलीनचं बोट फिरवा. रस्त्यात सोडा नसेल तर टपरीवरचं कोला पेय. त्यात फॉस्फरिक ॲसिड असतं, तेही बुरशी खातं, पण नंतर साध्या पाण्याने धुवायला विसरू नका.

आणि हळद. रेडिएटरला बारीक भोक पडून पाणी गळत असेल तर दोन-तीन चमचे हळद आत टाकायची. पाणी फिरताना हळद भोकाशी जाऊन बसते, फुगते आणि भोक बुजतं. कसारा घाटात ट्रकवाले हे करताना मी स्वतः पाहिलंय.

---

गॅरेज_परळ

काळीपिवळी, तुमच्या वडिलांना नमस्कार. बटाटा शंभर टक्के खरा.

हळदीबद्दल मात्र पुढे लिहायलाच हवं. जुन्या, जाड पितळी रेडिएटरच्या गाड्यांना ती चालायची. हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये नळ्या फार बारीक असतात, हळद भोकाबरोबर त्याही बुजवते. घाटात रात्री अडकलात आणि दुसरा इलाज नसेल तरच टाका, आणि पोहोचल्यावर त्याच दिवशी रेडिएटर धुवून घ्या. त्याहून महत्त्वाचं, इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पाणी दाबाखाली असतं, झाकण फिरवलं की उकळतं पाणी चेहऱ्यावर येतं. किमान अर्धा तास थांबा, बॉनेट उघडून ठेवा, मग जाड फडकं टाकून थोडं थोडं फिरवा. माझ्या एका पोऱ्याचा हात यात भाजला होता. तेव्हापासून गॅरेजमध्ये हा नियम पाटीवर लिहून ठेवलाय.

दुसरं, फ्यूज. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज चालू करतात लोक. करू नका. फ्यूज जळतो तो वायर वाचवण्यासाठी. तिथे चांदी लावली की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते, आणि वायर जळाली की गाडी पेटते. त्याऐवजी ज्याची आत्ता गरज नाही, म्हणजे रेडिओ किंवा सिगारेट लायटरचा, त्याचा फ्यूज काढून इथे लावा. आकडा तोच हवा. पात्याच्या फ्यूजना रंग ठरलेले आहेत. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. रंगाला रंग जुळवा, चूक होणार नाही.

ब्रेक, स्टिअरिंग, टायरची बाजूची भिंत आणि गॅसची नळी यांना घरगुती उपाय नाही. ब्रेकची तार तुटलेली बाइक नाडी बांधून चालवत आणलेला मुलगा माझ्याकडे आला होता. सुखरूप आला, पण मी त्याला बाइक परत दिली नाही, आधी नवी तार टाकली.

क्लचची तार तुटली तर ती वेगळी गोष्ट. लोहार चाळीत (मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार) मिळतो तो पितळी स्क्रूचा वायर कनेक्टर जवळ ठेवा. लिव्हरजवळ तार तुटली असेल तर तिच्या टोकाला तो कनेक्टर आवळला की नवं बोंड तयार होतं. तेवढ्यावर पन्नास किलोमीटर आरामात जाता येतं.

---

चष्मा_वजा_चार

माझा नंबर मोठा आहे, चष्म्याशिवाय मला इंडिकेटरवरची वेळही दिसत नाही. चर्चगेट स्टेशनवर चष्म्याचा स्क्रू पडला, दांडी हातात आली. उडुप्याकडे जाऊन टूथपिक मागितली, भोकात फिरवत घुसवली आणि दोन्ही बाजूंनी तोडून टाकली. लाकूड घामाने फुगलं आणि आणखीनच घट्ट बसलं. तीन दिवस तशीच होती.

स्क्रू सैल होत असेल तर आधीच त्यावर नेलपेंटचा एक थेंब टाकून ठेवा. माझ्या बहिणीचा उपाय. बिनरंगाचं असेल तर दिसतही नाही.

---

घाटवाटा

गॅरेजदादा, ब्रेकचं लिहिलंत ते बरं झालं. ट्रेकमध्येही हेच. सॅकचा पट्टा बांधून चालतो, पण दोर घासला असेल तर त्याला गाठ मारून कोणाला कड्यावरून उतरवायचं नाही.

---

वेसावकर

आमचं घर कोळीवाड्यात, दोरीशी जन्माचा संबंध. धाग्यात सगळे बांधा म्हणतायत, पण कशाने आणि कसं हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

सुती दोरी आणि सुतळी भिजली की तंतू फुगतात आणि गाठ आवळते. म्हणून विरार ताईंच्या ओढणीची गाठ घरी सुटली नाही. नायलॉनचं उलटं. ती गुळगुळीत, ओली झाली की सरकते आणि ताणही देते. चाळकरी ताईंची नाडी सुती असणार, म्हणून ती कुडाळपर्यंत टिकली. हल्ली बाजारात नायलॉनच्या चकचकीत नाड्या येतात, त्या बॅगेला बांधून बघा, पनवेल यायच्या आत सैल होतील.

त्यामुळे सुती दोरी असेल तर कोरडीच बांधा, भिजली की गाठ आपोआप आवळेल. नायलॉनच असेल तर गाठीत एक वेढा जास्त घ्या, टोक वीतभर लांब ठेवा आणि त्या टोकाचीही मुख्य दोरीवर गाठ मारा. कापलेलं टोक उसवू नये म्हणून काडीने किंवा उदबत्तीने वितळवून घ्या.

आवळायचं कसं? हाताने कितीही ओढलं तरी मोठी बॅग ढिलीच राहते. दोरी थोडी सैल बांधा, तिच्याखाली चमचा घाला आणि फिरवून पीळ द्या. दोन-तीन पिळांत दोरी बॅगेत रुतते. मग चमच्याचं टोक शेजारच्या वेढ्याखाली खोचा म्हणजे पीळ उलटत नाही. आम्ही होडीवर हेच दांडक्याने करतो.

सुरगाठ कुठे आणि निरगाठ कुठे, हेही बघा. जे वाटेत पुन्हा उघडावं लागेल, डबा, पाण्याची पिशवी, तिथे सुरगाठ. जे घरीच उघडायचं तिथे निरगाठ. तिकीट असलेल्या पिशवीला निरगाठ मारून टीसी आल्यावर दाताने सोडत बसलेले लोक मी पाहिलेत.

---

विरार_लेडीज

वेसावकर दादा, ओढणी सुतीच होती. वीस वर्षांनी कारण कळलं.

---

सुईदोरा

नाडीचं अगदी बरोबर. भुलेश्वरला अजून विणलेली सुती नाडी मीटरवर मिळते, पांढरी, चपटी. दुकानात "सुतीच द्या" असं सांगायचं. खात्री करायची तर टोकाचा एक धागा काडीने जाळून बघा. सूत जळून राख होते, नायलॉन वितळून गोळी होतं.

---

चाळकरी

दोन दिवस सगळं वाचून काढलं आणि थोडं करूनही बघितलं, ते लिहिते.

आजीची नाडी (मी आता तिला आजीची नाडीच म्हणते) डबीतून काढून एक धागा जाळला. राख झाली. वेसावकर दादांचं खरं निघालं. डबीत दाभण, फ्लॉस आणि एका जुन्या पेनाची रिफिल वाढली. रिफिलला चीर देताना ब्लेड सरकतं, आधी गरम पाण्यात बुडवून मऊ करून घ्या. चमच्याचा पीळ रिकाम्या सुटकेसला देऊन बघितला, तिसऱ्या पिळाला सुटकेसची बाजू आत दबली, तेव्हा पत्र्याच्या किंवा कडक बॅगेला दोनच पुरे.

रसायनकाका, सोडा आणि फेविक्विकनं मिक्सरच्या झाकणाचा कान जोडला. बसला. काल दोनदा चटणी वाटली, अजून शाबूत आहे. कडक वस्तूच्या बाबतीत मी माझं मत बदलते.

आणि घाटवाटा, तुमचं वाचून रात्री माळ्यावरून ह्यांचे ट्रेकचे बूट खाली काढले. खोक्यात होते, वर्तमानपत्र भरून ठेवलेले, नव्यासारखे चकचकीत. टाचेच्या वरच्या थरात नख दाबलं तर नख सरळ आत गेलं आणि रव्यासारखा भुगा फरशीवर पडला. शनिवारी त्यांचं भीमाशंकर ठरलेलं होतं, शिडी घाटाने. बूट तसेच दारात ठेवलेत, भुग्यासकट, ते ड्युटीवरून आले की आधी दिसावेत म्हणून.